नकाशा फिरवणाऱ्या काकांना

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "ते राहू दे, चहाला कधी येतेस?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. आता बदला विषय.

बडोद्यात राहून तू समुद्राचं कसलं काम करतेस, हे दांडिया बाजारातल्या प्रत्येक लग्नकार्यात मला ऐकावं लागतं. तुम्ही कधीच विचारलं नाहीत. उलट रावपुऱ्यातल्या माडीवर पहिल्यांदा आले तेव्हा तुम्हीच मला समजावलंत, की आपली विश्वामित्री पावागडावरून निघते, ढाढरला मिळते आणि ढाढर खंभातच्या आखातात. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या घरांत शिरलेलं पाणी शेवटी तिकडेच गेलं की!

त्या आखातात मोठ्या भरती-ओहोटीचा फरक १० मीटरच्या वर जातो. कावी-कंबोईचं स्तंभेश्वर महादेवाचं मंदिर दिवसातून दोनदा पाण्याखाली जातं, ते बघायला बडोद्याहून गाड्या भरभरून जातात. जंबुसर तालुक्यातल्या त्या गावचे बांध आणि विहिरी बघायला मात्र कोणी थांबत नाही.

थांबले ते कागदावाले. तुमच्या आधी एका कंपनीनं तिथला नकाशा केला होता. गुळगुळीत कागद, झकास रंग, अक्षरं सगळी इंग्रजी, आणि गावातल्या एकालाही आपलं शेत त्यात सापडेना. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत खाडीकाठच्या, बांधकामावर बंधनं असलेल्या पट्ट्याची मर्यादा १०० मीटरवरून ५० वर आली. ती रेघ आपल्या खळ्यातून जाते की बाहेरून, एवढंच लोकांना हवं होतं. साहेब म्हणाले, "अहवालात आहे," आणि जेवणाआधी निघून गेले. त्यांच्यानंतर ज्याला काम दिलं, त्यानं ॲडव्हान्स घेतला आणि फोन उचलणं सोडलं.

मग तुम्ही. कलाभवनात, म्हणजे बडोद्याच्या तंत्रशिक्षणाच्या संस्थेत शिकलेला हात, निवृत्त होऊन किती वर्षं झाली तरी नकाशे काढायची टी-स्क्वेअर पट्टी भिंतीवर टांगलेली. गावाच्या नकाशाची १:४००० प्रमाणाची शीट मोठी करून, सर्व्हे नंबर गुजरातीत घालून तुम्ही ती कशी उतरवलीत, ते सांगत बसत नाही. पैसे विचारले तर ट्रेसिंग पेपरचं बिल पुढे केलंत, तेवढंच.

पण मला आभार मानायचेत ते दुसऱ्याच गोष्टीचे.

पंचायतीच्या पोरानं नकाशा भिंतीवर चिकटवला होता. पुरुष पुढे, बायका मागे ओट्याला टेकून. तुम्ही कोणाला काही न बोलता तो भिंतीवरून काढलात, जमिनीवर पसरलात आणि ऑपरेशन झालेला गुडघा सावरत त्याच्याशेजारी खाली बसलात. मग विचारलंत, "खाडी कई बाजू?" बायकांनी हात केला. तुम्ही कागद गरागरा फिरवलात, उत्तर दिशा गेली भलतीकडे, आणि कागदावरची खाडी खऱ्या खाडीच्या दिशेला आली. चार कोपऱ्यांवर चार चपला ठेवल्यात, त्यातली एक तुमची.

एक म्हातारी बा सरकत सरकत पुढे आली, बोट टेकवलं. "आ तो अमारो कूवो!" ही तर आमची विहीर! पुढे बायका थांबेचनात. इथून पाणी आधी शिरतं, इथलं पाणी उन्हाळ्यात तोंडात धरवत नाही, ढोरं इथे नेतो, तिवराची (खारफुटीची) रोपं इकडे नको, इथे ढोरं चरतात. आणि वादळात जिथे जायचं म्हणून अहवालात लिहिलं होतं ती शाळा? तिचा रस्ताच सगळ्यात आधी बुडतो. हे सगळ्या गावाला माहीत होतं. साहेबांनी विचारलंच नव्हतं.

आमच्या क्षेत्रात 'लोकसहभाग' हा शब्द पानातल्या लिंबाच्या फोडीसारखा असतो. वाढतात सगळे, पिळत कोणी नाही. तुम्हाला तो शब्द ठाऊकही नसेल. समोरच्याला दिसत नसेल तर आपण खाली बसायचं, ही तुमच्या पिढीच्या घरातली साधी रीत. अशी माणसं बडोद्यात अजून आहेत म्हणून माझ्यासारखीचं काम निभतं. त्यांना पुरस्कार वगैरे मिळत नाहीत. मिळाले तरी ती समारंभाला उशिरा येतील आणि मागे बसतील.

तुमच्या नकाशावर आता शाळेच्या जागी फुली आहे आणि उंचावरच्या मंदिराच्या ओट्याभोवती गोल. तो गोल त्या बानं स्वतः काढलाय, थोडा वाकडा आहे. तुम्ही तो सरळ करायला नको म्हणालात.

शेजारच्या गावाचा निरोप आलाय, त्यांनाही "पेला काका", म्हणजे 'ते काका', हवेत. दिवाळीनंतर जाऊ. काकूंना विचारून कळवा, गाडी मी आणते. खुर्चीही आणीन, पण तुम्ही तिच्यावर बसणार नाही हे मला माहीत आहे.

तुमची,
समुद्राचं काम करणारी