सीएसएमटीच्या दगडाला सिमेंट नको

संपादक महोदय,

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (सीएसएमटी) या रेल्वे स्थानकाच्या पुनर्विकासाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिली. तेव्हापासून फलाट आणि जिने यांचीच चर्चा अधिक होते. १८८८ मध्ये पुरी झालेली मूळ इमारत मात्र दगड आणि चुन्याची आहे, आणि तिची डागडुजी करताना आजच्या बांधकामाचे नियम चालत नाहीत.

वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी १८७८ मध्ये काम सुरू केले. भिंतींना मालाडचा पिवळसर, कणखर दगड आहे. नक्षीकामासाठी पोरबंदरचा मऊ चुनखडक वापरला. तो छिन्नीला सहज वळतो, म्हणून जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातून इतकी बारीक पाने-फुले, प्राणी घडू शकले. मधला अष्टकोनी घुमट तर सेंट्रिंगचा (खालून दिलेल्या तात्पुरत्या सांगाड्याचा) आधार न घेता, फासळ्या एकमेकींत अडकवत उभारला आहे. त्या काळी हे धाडसच होते.

मऊ दगडाचा खरा शत्रू सिमेंट. समुद्राच्या हवेने भिंतीत ओल आणि क्षार येतात. दगडांमधल्या चुन्याने भरलेल्या दरजांतून (सांध्यांतून) ही ओल बाहेर पडते. सिमेंटने दरज बंद केली की ती दगडातून वाट काढते, क्षार पृष्ठभागाखाली साठून फुगतात आणि पापुद्रे सुटतात. पाच-सात पावसाळ्यांनी दरज जशीच्या तशी राहते आणि शेजारची नक्षी मात्र झडलेली असते! काजळी काढायला ॲसिड किंवा वाळूचा मारा केला तर चुनखडकाचा कठीण झालेला वरचा थरच जातो. पाण्याचा बारीक फवारा आणि मऊ ब्रश यांना वेळ लागतो, पण दगड वाचतो.

दरज नव्याने भरताना आधी ती हाताच्या छिन्नीने, तिच्या रुंदीच्या किमान दुप्पट खोल उकरावी. ग्राइंडर नको, दगडाच्या कडा कापल्या जातात. धूळ झाडून दरज ओली करावी. एक भाग मुरवलेला चुना, तीन भाग धुतलेली, बिनखारी वाळू; सतत ओल असते तिथे थोडी सुरखी (भाजलेल्या विटांची भुकटी). माल थराथराने दाबून भरावा आणि वर ओले गोणपाट आठवडाभर तरी ठेवावे. भर पावसात हे काम करू नये.

भिंतीत उगवलेला पिंपळाचा रोप नुसता छाटून भागत नाही. मूळ दरजांत राहिले की तो पुन्हा फुटतो, म्हणून मूळ काढून सैल दगड नव्याने बसवावे लागतात. आणि हे रोप बहुधा तुंबलेल्या पन्हळीतूनच सुरू होतात. मे महिन्यात पन्हळी साफ झाल्या तर निम्मे काम वाचते.

ही वास्तू २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. निविदेत केवळ ‘दुरुस्ती’ असा शब्द नको. चुना-वाळूचे प्रमाण, दगडाची जात आणि सफाईची पद्धत तीत नोंदलेली असावी. आधी आडबाजूच्या एक चौरस मीटर भिंतीवर नमुना करून तो एक पावसाळा पाहावा, मगच दर्शनी भागाला हात लावावा, अशी विनंती आहे.

एक वाचक, मुंबई