रुळावरच्या माणसाला गाडीची खबर कोण देणार? रेल्वेमंत्र्यांना खुले पत्र

माननीय रेल्वेमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

१३ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे लासलगावजवळ कामावर असलेले चार ट्रॅकमन जागीच गेले. त्यांना उडवलं ते विजेच्या तारांची देखभाल करणाऱ्या टॉवर वॅगनने, म्हणजे रेल्वेच्याच दुरुस्तीच्या वाहनाने. वर्ष सरायच्या आत, २२ जानेवारी २०२४ च्या रात्री, वसई रोड आणि नायगावच्या दरम्यान सिग्नलच्या कामावर गेलेले तीन कर्मचारी लोकलखाली सापडले. त्याच वर्षी नोव्हेंबरात केरळमध्ये शोरनूरच्या पुलावर कचरा उचलणारे चार कंत्राटी सफाई कामगार एक्सप्रेसच्या धडकेत मेले. कामं वेगळी, खाती वेगळी. गाडी अंगावर येईपर्यंत बाजूला व्हायला वेळ मिळाला नाही, एवढं मात्र तिन्हीकडे सारखं.

नियम नाहीत, असं मी म्हणत नाही. रूळ बदलायचा असेल तर ब्रॉडगेजवर सहाशे मीटरवर रुळावर आडवा ताणलेला बॅनर झेंडा आणि बाराशे मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने चाकाखाली वाजून चालकाला सावध करणारे तीन फटाके, हे कुठलाही जुना मुकादम झोपेतून उठवला तरी सांगेल. पण ही सगळी व्यवस्था गाडी थांबवण्यासाठी आहे. ज्या कामासाठी गाडी थांबवत नाहीत त्याचं काय? क्लिपा ठोकणं, खडी सारखी करणं, पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे सांधे) तपासणं, कचरा उचलणं हे चालू वाहतुकीतच होतं, आणि तिथे माणसाच्या जिवाची सगळी भिस्त त्याच्या स्वतःच्या कानांवर आणि डोळ्यांवर असते.

आता वेग बघा. ताशी १३० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला ३६ मीटर कापते. सहाशे मीटरवर दिसली तर हातात सतरा सेकंदही नाहीत, आणि वळणावर किंवा धुक्यात सहाशे मीटर दिसतच नाहीत. घण चालू असताना दुसरं काही ऐकू येत नाही. दुहेरी मार्गावर तर अपच्या मालगाडीचा खडखडाट चालू असतो, माणसं तिला वाट देऊन डाउनवर सरकतात आणि त्याच आवाजात मागून डाउनची एक्सप्रेस येते. त्यातून पहार रुळावर राहिली तर गाडीला धोका, म्हणून बाजूला झालेला माणूस ती उचलायला परत वळतो. असं वळणाऱ्याला निष्काळजी म्हणू नये. तो प्रवाशांचा जीव सांभाळत असतो.

माझे वडील कीमन होते. खांद्यावर पाना, हातात हातोडा, सोबत झेंडे, आणि आपल्या हद्दीत रोज एकट्याने पायी फेरी. सैल झालेली क्लिप बसवायला कीमन वाकला की त्याच्यासाठी गाडीवर नजर ठेवणारं कुणीच नसतं. काही विभागांत अशा कर्मचाऱ्यांना ‘रक्षक’ नावाचं यंत्र दिलं गेलं आहे. गाडी जवळ येऊ लागली की ते आधीच इशारा देतं. ते प्रत्येक कीमनच्या आणि ट्रॅकमनच्या प्रत्येक गँगच्या हातात कधी पोहोचेल, याची विभागवार तारीख आपण जाहीर करावी. ‘कवच’साठी आपलं मंत्रालय झटतं आहे ते योग्यच आहे, पण कवच गाडीला सिग्नल ओलांडण्यापासून आणि दुसऱ्या गाडीवर आदळण्यापासून वाचवतं. रुळावर वाकलेला माणूस त्याला दिसत नाही.

यंत्र मिळेपर्यंत, आणि मिळाल्यावरही, लुकआउटमन, म्हणजे बाकीचे काम करत असताना फक्त गाडीवर नजर ठेवून इशारा देणारा माणूस, हवाच. गँगमध्ये माणसं कमी पडली की त्याच्याच हातात फावडं दिलं जातं, हे खालपासून वरपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून माझी मुख्य मागणी अशी: लुकआउटमन गँगच्या संख्येत धरू नये, त्याच्याकडून दुसरं कोणतंही काम करून घेऊ नये, आणि तो नसेल तर चालू वाहतुकीतलं काम सुरूच होऊ नये. काम थांबवण्याचा हा अधिकार मुकादमाला लेखी द्यावा. त्यापायी काम लांबलं म्हणून कुणाला चार्जशीट मिळणार नाही, हेही त्याच कागदावर असावं. वरून ‘आटपा लवकर’ असा फोन आला की तोंडी अधिकाराला काही किंमत उरत नाही. कंत्राटी मजुराला हाच नियम शब्दशः लागू व्हावा, आणि रुळावर उतरण्याआधी त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगितला जावा. पुलावर तर ब्लॉक घेतल्याशिवाय, म्हणजे त्या रुळावरची वाहतूक बंद केल्याशिवाय, कुणाला पाठवूच नये. तिथे बाजूला व्हायला जागा असते ती फक्त ठरावीक अंतरांवरच्या आसऱ्यांत.

रेल्वे सुरक्षेचा आढावा घेणाऱ्या डॉ. अनिल काकोडकर समितीने २०१२ च्या अहवालात कामावर मरणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्यांची गंभीर दखल घेतली होती. त्यामुळे आणखी एका समितीची गरज मला वाटत नाही. लुकआउटमनबद्दलचं परिपत्रक यंदाची पावसाळी गस्त सुरू होण्याआधी निघावं, आणि ते प्रत्येक गँगच्या टूलरूममध्ये स्थानिक भाषेत लावलं जावं, एवढी विनंती.

कळावे,
आपली विश्वासू,
एका निवृत्त कीमनची मुलगी