न उघडलेलं खोकं

२ मार्च २०२५

प्रिय विन्या,

अर्ध्या तासापूर्वी तुला फोन लावणार होतो. नंबर काढला आणि फोन खाली ठेवला. तू पहिल्याच वाक्याला हसणार आणि मग मला पुढचं सांगता येणार नाही, म्हणून पत्र. सहा महिने गप्प बसलो त्याबद्दलच्या शिव्या आधी देऊन मोकळा हो, नंतर दुसऱ्या कारणासाठी लागणार आहेत.

तब्येती ठीक. आईचा गुडघा आहे तसाच, माझी पाठही. पुढे.

मी ५०८० घेतलं, एनव्हिडियाचं नवं ग्राफिक्स कार्ड. एक नाही, दोन.

हसून झालं असेल तर ऐक. ३० जानेवारीला विक्री सुरू झाली तेव्हा मी दोन खाती उघडून बसलो होतो, एक माझं आणि एक हिचं. सगळ्यांना सांगितलंय की पहिल्या ऑर्डरला पैसे भरताना एरर आली, म्हणून दुसऱ्या खात्यावरून प्रयत्न केला आणि दोन्ही लागल्या. पक्यालाही हेच सांगितलंय. त्याने विश्वास ठेवला, कारण तो कशावरही ठेवतो. तुला खोटं सांगून उपयोग नाही. एरर वगैरे काही आली नव्हती. पहिली ऑर्डर लागल्याचा मेल डोळ्यांसमोर असताना मी शांतपणे दुसरीचं बटण दाबलं. हात थरथरला नाही, हे तुला मुद्दाम सांगतो.

आणि तो हात कुणाचा? १७ सप्टेंबर २०२० ला तुझ्या शेजारी बसून पान ताजं करायचं एफ-५ बटण झिजवणाऱ्याचा. आठवतं ना, तेव्हाचं नवं कार्ड ३०८०, ६९९ डॉलर जाहीर किंमत, आणि 'लवकरच येत आहे' वरून थेट 'संपले'. मधली 'विकत घ्या' ही अवस्था आपण कधी पाहिलीच नाही. नंतर एनव्हिडियाने माफी मागितली आणि बॉटच्या, म्हणजे माणसाऐवजी प्रोग्रामने लावलेल्या, ऑर्डरी हाताने तपासून काढतोय म्हणून सांगितलं, तेव्हा तू म्हणालास, "चला, आता माणसं बॉट शोधणार आणि बॉट माणसं." त्या रात्री मी माल उचलून चढ्या भावाने विकणाऱ्या स्कॅल्पर लोकांना जे काही बोललो त्यातलं निम्मं तुझ्या आईने ऐकलं होतं. त्यांनी अजून माझ्याशी पूर्वीसारखं बोलायला सुरुवात केलेली नाही.

मग तुला डिसेंबरात एक मिळालं. आणि मार्चमध्ये तू ते एका मायनिंगवाल्याला, म्हणजे कार्डं लावून आभासी चलन कमावणाऱ्याला, दामदुप्पट भावाने विकलंस. मी तुला ब्लॅकवाला म्हणालो. तू म्हणालास, कुठल्या कायद्यात बसतं दाखव. मी अमेरिकेचा २०१६ चा बॉट्स कायदा काढला, आणि तू तो वाचून दाखवलास की तो कार्यक्रमांच्या तिकिटांपुरता आहे, ग्राफिक्स कार्डांचा त्यात काही संबंध नाही. आठ महिने बोललो नाही आपण. त्यातले पाच तरी मी केवळ तो कायदा आधी वाचला नव्हता म्हणून गप्प होतो.

तेव्हा तू एक बोलला होतास ते मला तेव्हा निव्वळ बनियेगिरी वाटलं होतं. "मी बिलाच्या भावात दिलं, तर वरचे पैसे नाहीसे होत नाहीत. ते पुढचा घेतो." बरोबर हेच शब्द.

तर ऐक पुढचं. दुसरं कार्ड मी चढ्या भावाने विकणार होतो. जाहिरात टाकली, फोटो काढले, आणि पहिल्या तासात एका मुलाचा लांबलचक मेसेज आला. थ्रीडी शिकतोय, जुन्या कार्डाची मेमरी पुरत नाही, सीन उघडतानाच सॉफ्टवेअर बंद पडतं, कॉलेजचं शेवटचं वर्ष. सोळा जीबी मेमरी म्हणजे त्याच्यासाठी काय, हे त्याने इतकं नेमकं लिहिलं होतं की मी विरघळलो. बिलाच्या भावात देऊन टाकलं. वर बिलावर सही, वॉरंटी कशी चालते याचं दहा मिनिटांचं प्रवचन. घरी येऊन हिला सांगितलं तेव्हा मला वाटत होतं की मी जरा उंच झालोय.

दोन दिवसांनी तेच कार्ड विक्रीला. जवळजवळ दुप्पट भाव. तेच कशावरून? अरे, फोटो माझेच! माझं टेबल, माझ्या टेबलावरचा ओरखडा, आणि कोपऱ्यात तुझा लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर. (हो, माझ्याकडेच आहे. २०१९ पासून मी जे नाकारत आलो ते आज लेखी कबूल करतो. पत्र जपून ठेव.)

मी त्याला लिहिलं, "हे काय?" उत्तर आलं, "सर, मार्केट रेट आहे." पुढे हात जोडल्याची खूण.

राग आला. पण रात्री पडल्या पडल्या लक्षात आलं की फसवलं म्हणून आलेला राग केव्हाच ओसरलाय. राहिलाय तो हिशेबाचा. तो फरक माझ्या खिशात यायचा होता, हा विचार गेली चार वर्षं तुला शिव्या देणारा माणूस छताकडे बघत करत होता. तुझं वाक्य आठवलं. तुझा आवाजही आठवला, त्या विशिष्ट नाकातल्या सुरासकट.

तुझी मुलगी दहावीला बसतेय ना या वर्षी? की पुढच्या? तिला शुभेच्छा सांग. आणि नवी नोकरी कशी आहे ते लिही, नुसतं 'चाललंय' नको.

खरी गोष्ट पुढेच आहे. पहिलं कार्ड, स्वतःसाठी घेतलेलं, ते अजून खोक्यात आहे. सील तसंच. महिना होईल आता. मशीनमध्ये अजून ती जुनी ३०६० टीआय, तू मला घ्यायला लावलेली. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचं मर्ज झालं, म्हणजे त्याची पद्धतच बदलली, ग्राफिक्स कार्डावरचं त्याचं मायनिंग एका दिवसात निकामी झालं, आणि खाणीतून सुटलेली कार्डं बाजारात लोंढ्याने आली, त्या लोंढ्यातलं हे ध्यान. एक पंखा अजून घरघरतो. मी त्याचंच रेंडर बघत बसतो आणि कपाटावर सीलबंद ५०८०. कारण सील तोडलं की ते 'वापरलेलं' होतं आणि भाव पडतो. मी विकणार नाहीये. पण विकता यावं, म्हणून उघडत नाहीये. ही विचारांची अवस्था काय म्हणायची रे?

आणि उघडत नाही म्हणून आणखी एक पंचाईत. काही कार्डांत आरओपी, म्हणजे चिपमधले चित्र पूर्ण करणारे भाग, कमी निघालेत, वाचलं असशील. आधी त्याच मालिकेतली ५०९० आणि ५०७० टीआय म्हणाले, मग सुरुवातीच्या ५०८० सुद्धा. ११२ हवेत तिथे १०४. कंपनी म्हणते अर्ध्या टक्क्याहून कमी कार्डांत आहे, सरासरी चार टक्के वेग जातो, बदलून मिळेल. पण ते कळायला कार्ड मशीनमध्ये लावून जीपीयू-झेड हे तपासणीचं सॉफ्टवेअर चालवायला हवं. म्हणजे खोक्यात सोनं आहे की खोट, हे मला माहीत नाही आणि बाजाराला त्याचं काही पडलेलं नाही. बाजार सीलचे पैसे देतो. लोकांनी ५०९० चा फ्रेम केलेला फोटो विकायला ठेवलाय, खाली स्पष्ट लिहून, की हा फक्त फोटो आहे, बॉटने घ्यावा, माणसाने घेऊ नये. मी त्यावर खूप हसलो. मग कपाटावर बघितलं. माझंही खोकं सध्या फोटोइतकंच उपयोगाचं आहे.

रोज सकाळी उठून आधी भाव बघतो. आणि, हे फक्त तुलाच कळेल म्हणून लिहितो, माल येऊ नये असं मला वाटतं. कुठे 'स्टॉक आला' दिसलं की पोटात खड्डा पडतो. ज्या शब्दांसाठी आपण २०२० मध्ये रात्री जागलो, त्यांनाच मी आता घाबरतो. परवा पक्या म्हणाला, ६ तारखेला एनव्हिडियाच्या प्रतिस्पर्धी एएमडीची ९०७० एक्सटी येतेय, ५९९ डॉलर, दुकानांत माल भरपूर आहे म्हणतात, मीही घेईन. बिचारा खुशीत होता. मी म्हणालो, "जाहीर किमतीत मिळणार नाही बघ." सल्ला म्हणून नाही म्हणालो. मला तसं व्हायला हवं होतं.

म्हणून स्वतःला समजावायला मी मोठे आकडे काढतो. गेल्या आठवड्यात एनव्हिडियाचा वर्षाचा हिशेब आला: डेटा सेंटरमधून ११५ अब्ज डॉलर, गेमिंगमधून साधारण ११. दोन्हीकडच्या चिप तैवानच्या टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीकडेच, जवळजवळ एकाच जातीच्या प्रक्रियेवर बनतात. ५०९० ची चिप तर ७५० चौरस मिलिमीटर, म्हणजे ३०० मिलिमीटरच्या अख्ख्या वेफरमधून, म्हणजे चिप कापतात त्या सिलिकॉनच्या तबकडीतून, शंभरही निघत नाहीत. तू त्यांच्या जागी असतास तर वेफर कुणाला दिला असतास? त्यात जुनी ४० मालिका आधीच बंद करत आणलेली, म्हणजे दुकानांत मागचंही नाही आणि पुढचंही नाही. तेव्हा टंचाई काही माझ्यासारख्यांनी केलेली नाही. इतपत बरोबर आहे. पण मग रात्री हिशेब मांडतो: ज्यांनी दोन-दोन घेतली त्यांची सगळी खोकी आज कपाटांवरून उतरली तर? त्याचं उत्तर शोधायला जात नाही मी.

परत करायची मुदत केव्हाच संपली. नाहीतर तो एक सभ्य मार्ग होता. सभ्य म्हणजे, परत केलं असतं तर पुन्हा विक्रीला लागल्यावर पहिल्या सेकंदात कुणाच्या तरी बॉटनेच उचललं असतं, पण मला ते दिसलं नसतं. ओळखीत द्यावं म्हटलं तर प्रत्येकाचा चेहरा बघताना डोक्यात येतं, हा विकणार. त्या एका पोराने माणसं बघायची माझी पद्धतच बिघडवली. पोराने म्हणतो मी. मी स्वतः ते बटण दाबलं त्याला आधी दोन आठवडे झाले होते.

तेव्हा विचारायचं हे. तुझ्या मशीनमध्ये अजून ती १०६०च आहे ना, ३०८० विकल्यापासून? की मधे काही घेतलंस? आणि पॉवर सप्लाय किती वॉटचा आहे? ५०८० ला ८५० चा सांगतात. तू व्हिडिओचं काम पुन्हा सुरू करणार होतास, त्याचं काय झालं? भाव बिलाचाच. नको म्हणालास तरी चालेल, पण 'मी विकलं तर?' असं विचारू नकोस. विचारशील माहीत आहे.

तू २०२१ मध्ये जे केलंस ते मला अजून पटलेलं नाही. तू बोललास ते पटलंय. एवढ्यावर भागवून घे.

वहिनींना नमस्कार. फोन कर, रविवारी नको.

तुझा,
सुध्या

ता. क. – पत्र संपवल्यावर एकदा भाव बघितला. थोडा उतरलाय. वाईट वाटलं. स्क्रूड्रायव्हर इतक्यात मागू नकोस.