उमरावांच्या प्रेमकथांना हसण्यापूर्वी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ड्यूक आणि अर्ल अशा पदव्या मिरवणाऱ्या इंग्रज उमरावांच्या प्रेमकथा सांगणाऱ्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत झुंबरे आणि रेशमी झग्यांपलीकडे काही नसते, असा आपल्या पुरवणीतील लेखाचा सूर होता. या कादंबऱ्या आवडीने वाचणाऱ्या मला तो पटला नाही.

यांतील असंख्य कथा इंग्लंडच्या रीजन्सी काळात, म्हणजे आजारी राजाच्या वतीने युवराज कारभार पाहत होता त्या १८११ ते १८२० या वर्षांत घडतात. त्या काळी लग्न होताच स्त्रीची जंगम मालमत्ता सर्वसाधारणपणे नवऱ्याची होई, जहागीर बहुधा थोरल्या मुलाकडे जाई आणि १८५७च्या कायद्यापूर्वी पुनर्विवाहाची मुभा देणारा घटस्फोट हवा असेल तर पार्लमेंटकडून त्यासाठी स्वतंत्र कायदा संमत करून घ्यावा लागे. जोडीदाराची निवड चुकली की जन्माची फरफट ठरलेली. त्यामुळेच एका संध्याकाळी त्याच पुरुषाबरोबर तिसऱ्यांदा नाचायला उभे राहणे ही साधी गोष्ट उरत नाही, आणि हातमोज्याची गुंडी सोडण्याच्या प्रसंगावर लेखिकेने दोन पाने खर्ची घातली तरी ती उगाच वाटत नाहीत. लंडनच्या ‘ऑलमॅक्स’ या प्रतिष्ठित सभागृहातील नृत्यसमारंभाचे प्रवेशपत्र कोणाला द्यायचे, हे मोजक्या उच्चकुलीन स्त्रिया ठरवत आणि तिथे नुसत्या पैशाचा उपयोग नसे. कायद्याने जवळजवळ काहीच हाती नसलेली नायिका अशा जगात सर्वांत बड्या उमरावाला नकार देते आणि त्याला तिचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. माझ्या मते या कथांची खरी गोडी तिथे आहे.

अतिशयोक्ती मलाही दिसते. त्या काळात राजघराण्याबाहेरचे ड्यूक, म्हणजे सर्वांत वरच्या पदवीचे उमराव, जेमतेम पंचवीस-तीस होते. कादंबऱ्यांत मात्र तरुण, देखणे आणि अविवाहित ड्यूक पावसाळ्यातील भूछत्रांसारखे उगवतात. ती थट्टा खुशाल करावी. पण अनेक सरदार घराण्यांच्या वैभवात कॅरिबियन बेटांवरील ऊसमळ्यांचा, म्हणजे गुलामांच्या श्रमांचा वाटा होता. ब्रिटनने १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार बंद केला, तरी वसाहतींतील गुलामगिरी संपवणारा कायदा व्हायला १८३३ उजाडले. हवेलीतील प्रत्येक पडद्याचा रंग सांगणाऱ्या कित्येक कादंबऱ्या या पैशाविषयी मात्र चकार शब्द काढत नाहीत. आपल्या लेखकाने झग्यांवर जेवढी शाई खर्च केली, तिच्यातील थोडी या मौनासाठी राखून ठेवली असती, तर मीही त्यांच्या बाजूने पत्र लिहिले असते.

आपली,
एक वाचक