जातीचा रकाना आणि फॉर्म २०: विधी व न्यायमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय विधी व न्यायमंत्री,
नवी दिल्ली

मंत्रिमहोदय, सप्रेम नमस्कार.

‘मतदार जात बघूनच मत देतो’ हे निकालाच्या दिवशी हमखास ऐकू येते. ते निम्मे खरे आहे. उरलेले निम्मे मतमोजणीच्या पद्धतीत आहे आणि तिचा नियम बदलणे तुमच्या खात्याच्या हातात आहे. म्हणून हे पत्र निवडणूक आयोगाला न लिहिता तुम्हाला लिहीत आहोत.

निकालानंतर फॉर्म २० बाहेर येतो. कोणत्या मतदान केंद्रावर कोणाला किती मते पडली, ते त्यात ओळीने लिहिलेले असते. आपल्याकडे गावातल्या मतदार यादीचे भाग बहुधा वस्तीप्रमाणे पडतात: गावठाण, मळा, धनगरवाडा, बौद्धवस्ती, तांडा. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलायचा निर्णय घेतला. पाटीवर समतानगर आले तरी यादीतला भाग त्याच घरांचा राहतो.

पक्षाचे काम इथून सुरू होते. यादीच्या एका पानावर तीस नावे असतात आणि प्रत्येकापुढे जात लिहायची असते. आडनावावर भिस्त ठेवली तर पवार, जाधव, चव्हाण घात करतात. ही आडनावे मराठ्यांत आहेत, बौद्धांत आहेत, बंजाऱ्यांतही आहेत. मग वडिलांचे नाव, घराची जागा पाहायची आणि शेवटी गावातल्याच माहीतगाराला विचारून रकाना भरायचा. त्याच्या शेजारी मागच्या निवडणुकीचा फॉर्म २० ठेवला की ‘आपला बूथ’, ‘परका बूथ’ अशी वाटणी होते. उमेदवारी, प्रचारफेरी, पैसा सगळे त्यावर ठरते. परक्या ठरलेल्या वस्तीत पुढच्या वेळी कोणी फिरकत नाही. जो एकटा येतो त्याला मते जातात आणि आधीचा अंदाज खरा ठरल्यासारखा दिसतो.

हा हिशेब चुकतो कुठे, तेही सांगतो. समजा, तांड्याच्या भागात १,००० नावे आहेत, मतदान ६५० आणि आपल्या उमेदवाराला २४०. ही २४० बंजाऱ्यांची की त्याच भागात जोडलेल्या इतर घरांची, ते कागद सांगत नाही. नोव्हेंबरात मतदान असले की तांड्यावरची बरीच माणसे उसाच्या फडावर असतात. आकडा घटतो आणि बैठकीत बोलले जाते, ‘तांडा फिरला.’

भीतीचे गणित याहून सोपे आहे. ६४० मतदानात एका उमेदवाराला ११ मते पडली, तर संध्याकाळी गावात ती अकरा माणसे शोधली जातात. शंभरभर मतदारांच्या पाड्यावर सगळी मते एकालाच गेली, तर प्रत्येकाचे मत उघडच झाले. दुर्बल घटकांच्या वस्तीत स्वतंत्र केंद्र देतात ते मतदानाच्या दिवशी दडपण येऊ नये म्हणून. मतमोजणीच्या दिवशी तीच सोय अंगावर येते, कारण पुढची पाच वर्षे टँकर, रस्ता, घरकुल यांचा रस्ता निवडून आलेल्यांच्या दारावरून जातो.

जातीच्या नावाने मत मागणे हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) खाली भ्रष्ट आचार आहे. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ बहुमताने त्यात मतदाराची जातही धरली. व्यासपीठावर जात उच्चारायची गरज मात्र फारशी उरलेली नाही. रकाना भरलेला आहे.

मतपत्रिका होत्या तेव्हा निवडणूक नियमांतल्या नियम ५९-अ नुसार आयोग अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मोजायला सांगू शकत असे. यंत्रे आली आणि ही सोय गेली. त्यावर उपाय म्हणून टोटलायझर तयार झाला. तो १४ यंत्रांची मते एकत्र मोजतो आणि फक्त बेरीज दाखवतो. आयोगाने २००८ मध्ये त्याचा प्रस्ताव तुमच्या खात्याकडे पाठवला. विधी आयोगाने मार्च २०१५ च्या २५५ व्या अहवालात यंत्रांवरच्या मतमोजणीचा नियम ६६-अ दुरुस्त करण्याची शिफारस केली. केंद्र सरकारने मात्र विरोध केला. बूथनिहाय आकड्यांवरून पक्षांना आपली कामगिरी जोखता येते, असे कारण दिले. ज्याची तक्रार आहे तेच कारण म्हणून पुढे आले!

दुसरा आक्षेप वजनदार आहे. बूथचा आकडा झाकला तर गैरप्रकार पकडायचे कसे? मते साठवणाऱ्या कंट्रोल युनिटवर ‘टोटल’ आणि ‘रिझल्ट’ ही वेगळी बटणे आहेत. टोटल दाबले की फक्त एकूण मते दिसतात. प्रतिनिधींसमोर प्रत्येक यंत्राचे टोटल त्या केंद्राच्या फॉर्म १७-क शी, म्हणजे तिथे नोंदलेल्या मतांच्या हिशेबाशी, जुळवावे, जुळले नाही ते यंत्र बाजूला काढावे आणि मगच बाकीची जोडावीत. केंद्रनिहाय मतदानाचा आकडा जरूर प्रसिद्ध करावा. उमेदवारनिहाय फोड तेवढी चौदा केंद्रांची एकत्र द्यावी. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजल्या जातात त्या तशाच मोजाव्यात, फक्त त्यांचा आकडा केंद्राच्या नावाने फलकावर लावू नये. जोडणी करताना एकाच गावाची केंद्रे एका गटात टाकली तर उपयोग थोडा. गट चिठ्ठ्या टाकून ठरवावेत. (ग्रामपंचायतीचा प्रभागच इतका लहान की तिथे हे चालणार नाही. ते दुखणे वेगळे.)

आता जनगणनेतही जात नोंदली जाणार आहे. त्यातली व्यक्तीची माहिती कायद्याने गुप्त राहते, पण वस्तीपर्यंतचे आकडे बाहेर आले तर फॉर्म २० शेजारी ठेवायला माहीतगाराचीही गरज उरणार नाही.

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १६९ खालचे हे नियम अधिसूचनेने बदलतात आणि मग संसदेच्या पटलावर ठेवले जातात. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. नियम ५९-अ मध्ये आयोगाला होती तेवढीच मुभा यंत्रांसाठी द्या. ती कोणत्या मतदारसंघात वापरायची ते आयोग ठरवील. त्याचा प्रस्ताव २००८ पासून तुमच्याच खात्यात आहे.

आपले,
मतदार यादी आणि मतमोजणीचे काम जाणणारे काही नागरिक