अमोल, पावडरचा डबा आणायच्या आधी हे वाच

चि. अमोल,

तिसरा दिवस झाला तरी दूध उतरत नाहीये, पावडर आणू का म्हणत होतास. डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर थांब जरा. पहिले दोन-तीन दिवस चीकच येतो, पिवळसर घट्ट, चमचाभरच, पण बाळाचं पोट तरी केवढंसं असतं रे, आणि सिझरनंतर पान्हा यायला एखादा दिवस जास्त लागतोच.

आता तुझं काम ऐक. पाजायच्या आधी सूनबाईला खुर्चीत बसव, समोर टेबलावर उशी ठेव, त्यावर हात आणि डोकं टेकून पुढे वाकू दे, टाके ओढत असतील तर कुशीवर झोपू दे. हाताला कोमट खोबरेल लाव आणि मणक्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठ्याने छोटे छोटे गोल करत मानेपासून फऱ्यांच्या खालपर्यंत ये, दोन-तीन मिनिटं बास, मणक्यावर दाबायचं नाही. कधी कधी पाठ चोळतानाच दूध गळायला लागतं. दूध बनवणारं हार्मोन प्रोलॅक्टिन, आणि ते बाहेर सोडणारं ऑक्सिटोसिन, ते जरा लाजाळू बघ, दुखलं, टेन्शन आलं, कुणी टोमणा मारला की अडतं. म्हणून "दूध पुरतंय का गं" विचारायला येणाऱ्या बायकांना बाहेरच्या खोलीत चहा पाजून वाटेला लावायचं, हे पण तुझंच काम.

छाती मात्र कुणाला रगडू देऊ नकोस, मालिशवाली कितीही म्हणू दे की गाठी मोडून देते. जोरात चोळलं की सूज वाढते. छाती तटतटली तर पाजण्याआधी थोडा वेळ कोमट फडकं, हाताने थोडं दूध काढायचं म्हणजे काळा भाग मऊ होतो आणि बाळाला नीट तोंडात धरता येतो, नुसती बोंडी नाही, काळा भागही आत गेला पाहिजे. पाजून झालं की गार फडकं. छाती लाल झाली, ताप आला तर सरळ डॉक्टर.

बाकी जेवढं दूध निघतं तेवढं बनतं, साधा हिशोब आहे. दिवसरात्रीत 8 ते 12 वेळा पाजायचं, रात्रीचं चुकवायचं नाही कारण प्रोलॅक्टिन रात्रीच जास्त असतं. ढेकर काढणं, लंगोट बदलणं तू कर.

अळिवाचे लाडू पाठवलेत, खाऊ दे, ताकद येते, पण लाडवांच्या भरवशावर दूध येईल म्हणून बसू नका. बाळाला मध, घुटी, पाणी काही द्यायचं नाही, आत्याचा फोन आला तरी.

पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा-सात वेळा शू होत असेल तर पुरतंय समज. कमी झाली, बाळ मलूल वाटलं, पाजायलाच उठेना, तर त्याच दिवशी दाखवा, आणि डॉक्टर वरचं दूध द्या म्हणाले तर द्या, त्यात तिला कुणी बोल लावायचा नाही.

रविवारी येतेय मी. स्टँडवर घ्यायला येऊ नकोस, रिक्षा करते, तेवढ्या वेळात बाळ तू घे आणि तिला झोपू दे.

आई