‘नुसती पॅरासिटामॉलच?’

मा. संपादक,

परवा कर्वे रस्त्यावरच्या एका औषधाच्या दुकानात माझ्यापुढे एक गृहस्थ उभे होते. हातात मुलाचा रिपोर्ट, एनएस-१ पॉझिटिव्ह, म्हणजे डेंगी. चिठ्ठीवर पॅरासिटामॉल आणि ओआरएस, एवढंच. ‘डेंगीला नुसती पॅरासिटामॉलच? एखादं स्ट्राँग अँटिबायोटिक द्या ना,’ असं ते विनवत होते. मी बारावीला तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलंय. पण मागे रांग होती, गप्प बसलो. ते इथे बोलून घेतो.

अँटिबायोटिक जिवाणूची भिंत किंवा त्याची स्वतःची यंत्रणा मोडतं. डेंगीच्या विषाणूकडे ना तशी भिंत, ना यंत्रणा. आहे तो आरएनएचा, म्हणजे आनुवंशिक सूचनांचा, एक धागा, सुमारे ११ हजार अक्षरांचा. तो पेशीत शिरला की आपलेच रायबोसोम, म्हणजे पेशीतले प्रथिनं बनवणारे कारखाने, त्याला घरचा निरोप समजून वाचतात आणि एक लांबलचक प्रथिन तयार करून देतात. ते कापून १० प्रथिनं होतात. रिपोर्टात दिसलेलं एनएस-१ त्यातलंच, पेशीबाहेर सांडलेलं. दुसरं एनएस-५, म्हणजे आरएनएवरून आरएनए उतरवणारा नकलनवीस. हा असला नकलनवीस आपल्या पेशींत नसतो, त्यामुळे औषधाचा नेम धरायचा तो त्याच्यावर.

हे हवेतलं नाही. याच कुळातल्या हिपॅटायटिस सी विषाणूचा नकलनवीस सोफोसबुव्हिरने बंद पाडता येतो. पण तो विषाणू शरीरात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो. डेंगीचा रक्तात जेमतेम आठवडाभर. ताप चढून आपण दवाखाना गाठेपर्यंत नकलांचा ढीग पडलेला असतो. मॉस्नोडेन्व्हिर नावाच्या गोळीची आशा होती, तिची मोठी चाचणी कंपनीने २०२४ मध्ये थांबवली.

पावसाळा लागला की वृत्तपत्रांत पपईच्या पानांचा रस आणि प्लेटलेटचे आकडे हमखास येतात. ज्या शहरात १९५२ पासून विषाणूंवर संशोधन करणारी संस्था आहे, तिथेही! त्याऐवजी एक चौकट छापा: अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, आणि खरा धोका ताप उतरताना. तेव्हा पोटात कळा, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त दिसलं तर तडक रुग्णालय.

त्या गृहस्थांनी अखेर पॅरासिटामॉल घेतली. ओआरएसची पाकिटं मात्र काउंटरवरच राहिली.

— एक निवृत्त शिक्षक, कोथरूड, पुणे